कोचीच्या डेबकॉन्फमध्ये आम्हाला काम देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरलेल्या डेबकॉन्फमध्ये, म्हणजे डेबियन या मुक्त (कुणालाही वापरता व बदलता येणाऱ्या) संगणकप्रणालीच्या परिषदेत, आपण सातारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा वापरकर्ता गटाला सामावून घेतलेत. त्याबद्दल फोनवरून आभार मानले होते. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहोत, कारण आपण केलेल्या कामाची नोंद परिषदेच्या आकडेवारीत कुठेही सापडत नाही. ३५ देशांतून ४७४ जण आले, ८९ कार्यक्रम झाले, हे जाहीर झाले आहे. ज्या गटाला स्वतःचे नावही नाही, अशा गटातील मुले त्या ४७४ जणांत कशी आली, हे मात्र कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

डेबियन प्रकल्प १६ ऑगस्ट १९९३ रोजी सुरू झाला, त्याची वार्षिक परिषद २००० सालापासून भरते आणि कोचीच्या निमित्ताने ती प्रथमच भारतात आली. तिच्यामागे मालक म्हणून कोणतीही कंपनी नाही. स्वयंसेवकच ती उभी करतात आणि सहभागासाठी शुल्काची सक्ती नसते. तरीही, तालुक्याच्या गावी कुणाच्या तरी शिकवणीची खोली रविवारी मागून घेऊन जमणारी आमच्यासारखी मंडळी अशी नोंदणी आपल्यासाठी आहे असे सहसा मानत नाहीत. तिथे बोलणारे लोक वेगळे, त्यांची इंग्रजी वेगळी, आणि आपण फार तर ध्वनिचित्रफिती पाहाव्यात, अशीच आमची समजूत होती.

एरवी परिषदांकडून लहान गटांना येणारा निरोप ठरलेला असतो: आमचे भित्तिपत्रक पुढे पाठवा, जमल्यास विद्यार्थी घेऊन या. आपण पहिल्याच फोनवर विचारलेत, “तुमच्यापैकी कोण काय काम करू शकेल?” या प्रश्नाने आमच्या गटात जो उत्साह आला, तो कोणत्याही निमंत्रणाने आला नसता. आपण आम्हाला ध्वनिचित्रण चमूकडे नेलेत. डेबकॉन्फमधील सत्रांचे थेट प्रक्षेपण होते आणि त्यांच्या ध्वनिचित्रफिती कायमच्या जपल्या जातात. त्यासाठी प्रत्येक सभागृहात कॅमेरा धरणारा, आवाज सांभाळणारा, कोणते दृश्य बाहेर जावे हे ठरवणारा आणि वक्त्याची ओळख करून देणारा माणूस लागतो. ही कामे शिकवली जातात आणि ती शिकायला कुणाची पदवी विचारली जात नाही. लग्नसमारंभात ध्वनियंत्रणा सांभाळणारा आमचा एक मित्र तिथे आवाजाच्या मिक्सरवर बसला आणि दुसऱ्या दिवसापासून इतरांना शिकवू लागला. आमच्या मते परिषदेत लहान गटांना आणण्याचा याहून योग्य मार्ग नाही. ज्याच्या हाती काम असते त्याला आपण इथे का आलो, असा प्रश्न पडत नाही, आणि चार दिवसांत तो ज्या माणसांना ओळखू लागतो ती माणसे नंतरही त्याच्या पत्राला उत्तर देतात.

दुसरी गोष्ट जीपीजी कीवरील, म्हणजे माणसाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवरील, सह्यांची. डेबियनचा अधिकृत विकासक होऊ इच्छिणाऱ्याच्या कीवर आधीच्या विकासकांच्या सह्या सहसा असाव्या लागतात, आणि ही सही प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून करण्याचा प्रघात आहे. मोठ्या शहरात असा विकासक भेटण्याची शक्यता तरी असते. आमच्या परिसरात तसा कुणीही नसल्याने, पॅकेजिंगचे (सॉफ्टवेअर डेबियनमध्ये बसवता येईल असे बांधून देण्याचे) काम उत्तम करणारी आमची एक मैत्रीण बराच काळ याच पायरीवर अडून राहिली होती. आपण तिला आधीच की तयार करायला लावलीत, त्या कीचा ठसा (ती ओळखण्याचा अक्षर-अंकांचा क्रम) कागदाच्या पट्ट्यांवर छापून आणायला सांगितलेत आणि जेवणाच्या टेबलावर स्वतः तिची विकासकांशी ओळख करून दिलीत. घरी बसून कितीही काम केले असते तरी ती अडचण सुटली नसती.

पैशांचा प्रश्नही आपण आम्ही न सांगता ओळखलात. प्रवासखर्चाची मदत मंजूर झाली तरी रक्कम परिषदेनंतर, तिकिटे सादर केल्यावर मिळते. नोकरदारांना त्यात काही वाटत नाही. विद्यार्थ्याच्या घरी मात्र साताऱ्याहून कोचीपर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे आधी उभे करणे हाच मोठा अडथळा असतो. आपण पुण्यातील मित्रमंडळींकडून तेवढ्यापुरती उसनवारीची सोय केलीत. पुढील परिषदांच्या आयोजकांनी ही बाब अंदाजपत्रक आखतानाच विचारात घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये (संगणकावर ती प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मराठी आहे, पण त्यातील वाक्ये पुन्हा वाचून सुधारणारे हात फार थोडे आहेत. त्या कामासाठी आपण आम्हाला एका कोपऱ्यात एकत्र बसवलेत आणि हे कामही परिषदेचेच आहे, असे सर्वांसमक्ष सांगितलेत. त्याच आठवड्यात, प्रत्येकाने आपल्या भागातील खाद्यपदार्थ आणण्याच्या डेबकॉन्फच्या जुन्या प्रथेनुसार आम्ही कंदी पेढे नेले होते. ते चाखून विचारपूस करायला आलेल्यांपैकी काहीजण मराठी वाक्यांची ती यादी पाहायलाही थांबले.

लहान गावांना परिषद झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांना आपण विळुप्पुरमचे उदाहरण देत होतात. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतील त्या शहरात मिनी डेबकॉन्फ, म्हणजे अशीच छोटी परिषद, भरली आणि ती तिथल्याच ग्नू/लिनक्स (डेबियनसारख्या मुक्त प्रणालींचे कूळ) वापरकर्ता गटाने यजमान म्हणून पार पाडली. कोचीला त्या गटाच्या कार्यकर्त्यांशी आमची गाठ घालून दिल्याबद्दल आपले वेगळे आभार मानायला हवेत, कारण सभागृह मिळवण्यापासून जेवणाच्या पंगतीपर्यंतचे त्यांचे अनुभव आम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

येत्या १६ ऑगस्टला डेबियनचा वाढदिवस आम्ही साताऱ्यात साजरा करणार आहोत. कराड, फलटण आणि वाईच्या मंडळींना पत्रे गेली आहेत, आणि आपण आम्हाला विचारलेला प्रश्न आम्ही त्यांना पत्राच्या पहिल्याच ओळीत विचारला आहे. कराडहून उत्तर आले आहे. तिथली दोन मुले ध्वनिमुद्रण सांभाळतील. आपल्याला सवड असेल तर अवश्य यावे, मुक्कामाची सोय आमच्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
सातारा जिल्ह्यातील मुक्त सॉफ्टवेअर वापरकर्ते