पुसलेली बैठक परत मिळू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या जुन्या बैठकींच्या कॅसेटी आता संगणकात उतरवल्या जात आहेत. राजाभैया पूछवाले, कृष्णराव शंकर पंडित या ग्वाल्हेर घराण्याच्या गायकांच्या परंपरेतल्या कित्येकांचे गाणे कोणत्याही कंपनीच्या तबकडीवर आले नाही; ते या घरगुती फितींतच आहे. असा ठेवा चुकून पुसला गेला, की पुढच्या तासाभरातल्या धावपळीनेच बहुधा तो कायमचा जातो.

फाइल डिलीट केली की विंडोज फक्त तिची नोंद खोडते. गाणे डिस्कवर तसेच असते. पण ती जागा मोकळी धरली जाते आणि तिच्यावर पुढचे काहीही लिहिले जाऊ शकते. लोक घाईने रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतात आणि ते नेमके गाण्यावर बसते. म्हणून आधी रीसायकल बिन पाहावी. तिथे नसेल तर संगणक बंद करून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सापडलेल्या फाइली वेगळ्याच डिस्कवर साठवाव्यात. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर नावाने फोटोंचे असले तरी वेव्ह, एमपीथ्री, फ्लॅक या आवाजाच्या फाइलीही शोधते. फाइलींची नावे मात्र परत येत नाहीत. एकेक ऐकून राग आणि गायक ओळखावा लागतो. पुष्कळ वेळाचे काम आहे, पण करण्यासारखे आहे.

हे फिरत्या हार्ड डिस्कचे झाले. एसएसडीत, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कमध्ये, ‘ट्रिम’ची सोय पुसलेली जागा लवकरच आतून साफ करते, तिथे आशा फार थोडी. आणि हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता ती थेट जाणकाराकडे द्यावी.

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, तर वेव्ह फाइल कधी कधी शून्य सेकंदांची दिसते. ती पुसू नये. लांबीचा आकडा फाइलच्या सुरुवातीला असतो, पण बरीच सॉफ्टवेअर तो रेकॉर्डिंग संपल्यावर भरतात. तेवढाच राहून गेलेला असतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टमधून ‘रॉ डेटा’ निवडावे: १६ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ. गाणे दुप्पट वेगाने पळाले तर स्टिरिओऐवजी मोनो करावे.

आता प्रतींबद्दल. तासाभराची स्टिरिओ वेव्ह सुमारे ६३५ एमबी होते, म्हणजे शंभर तासांचे गाणे ६४ जीबीत मावते. जागा नाही ही सबब उरत नाही. एक प्रत संगणकात, दुसरी एरवी काढून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी इंदूर-पुण्याच्या नातलगांकडे असावी. गूगल ड्राइव्हशी जुळवलेले फोल्डर ही प्रत नव्हे: इथे पुसले की तिथेही पुसले जाते आणि ट्रॅशमध्ये फक्त ३० दिवस राहते. नातलगांना व्हॉट्सॲपने पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

उतरवून झाले म्हणून कॅसेटी मात्र टाकू नयेत. मे महिन्यात आपल्याकडचा माळा भट्टीसारखा तापतो, तेव्हा त्या आतल्या खोलीच्या कपाटात, स्पीकरपासून दूर, उभ्या ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर