साउंडवाल्या भाऊंना आमच्या मंडळीकडून आभार पत्र

प्रिय भाऊ,

सप्रेम सलाम.

गणपती, लग्न, भागवत सप्ताह अशा साऱ्या कार्यांना साउंड लावणाऱ्या तुम्ही आमच्या रविवारच्या उपासनेलाही हात दिला. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र उघडे लिहितो आहोत. परतवाड्याच्या आसपासच्या आणि वर मेळघाटातल्या मंडळ्यांनाही उपयोग व्हावा, यासाठी उपासना मोबाइलवरून घरी बसलेल्यांपर्यंत पोचवायची तुम्ही करून दिलेली व्यवस्था इथे तपशिलाने मांडतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की म्हाताऱ्यांना चर्चला येता येत नाही, ही अडचण सगळीकडचीच आहे.

"आधी आवाज नीट करा, चित्राचं मंग पाहू," हे तुमचे म्हणणे सोळा आणे खरे. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, पण तुटक उपदेश दहा मिनिटेसुद्धा कोणी ऐकत नाही. बाकावर ठेवलेला मोबाइल पाळकसाहेबांपेक्षा पंखा आणि टिनाच्या छताचा घुमाराच जास्त पकडतो.

म्हणून ॲम्प्लिफायरच्या लाइन आउटमधून (दुसऱ्या यंत्राला आवाज देणाऱ्या भोकातून) थेट मोबाइलच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात जाणारी वायर तुम्ही बनवून दिली. लाइन आउटला साधारण पाव-अर्धा व्होल्ट असतो आणि मोबाइलच्या माइकला काही मिलिव्होल्टच पुरतात, म्हणजे फरक जवळपास शंभरपट. तशीच जोडली तर आवाज फाटतो. त्यासाठी सिग्नलच्या तारेत ओळीने १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १०० किलो-ओहमचा रेझिस्टर, आणि माइक व ग्राउंड यांच्यामध्ये २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर. हा दुसरा रेझिस्टर पाहूनच मोबाइलला बाहेरचा माइक लागल्याचे कळते. पिन तीन काळ्या पट्ट्यांची हवी. आजच्या बहुतेक मोबाइलला तिचा वायरीकडचा शेवटचा भाग माइकचा आणि त्याच्या शेजारचा ग्राउंडचा असतो. दोन पट्ट्यांची पिन घातली तर मोबाइल तिला हेडफोन समजतो आणि स्वतःचाच माइक चालू ठेवतो. ज्या मोबाइलला भोकच नाही, त्याला माइकचे भोक असलेले टाइप-सी साउंड कार्ड घ्यावे.

तुमचा इशारा इतरांनी तर पाठच करावा: भोंग्याच्या तारेतून सिग्नल कधीही घ्यायचा नाही. भोंग्याची लाइन १०० व्होल्टची असू शकते, मोबाइल जागच्या जागी जळेल. आणि वायर लावलेली असताना मोबाइल चार्जरवर ठेवला की ५० हर्ट्झची घुर्र सुरू होते. पॉवर बँकेवर ठेवला की ती जाते, शिवाय लाइट गेली तरी मोबाइल चालू राहतो.

लाइन आउटमध्ये फक्त माइकवरचा आवाज जातो. त्यामुळे समोर सगळी मंडळी गात असली तरी घरी एकट्या गाणाऱ्याचाच आवाज पोचतो. बाकांकडे तोंड करून कमी आवाजावर ठेवलेला एक जादा माइक ही उणीव भरून काढतो.

व्हॉट्सॲप कॉलमध्ये ३२ जण येतात. फुकट झूम ४० मिनिटांनी बंद पडते, म्हणून गीते आणि उपदेश त्यात बसवावे लागतात. दोन्हींत एक खोड आहे. हार्मोनियमचा लांब सूर त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो दाबून टाकतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केले की सूर टिकतो. घरून सगळ्यांनी एकत्र गायचे मात्र कोणी मनात आणू नये. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे ताल जुळतच नाही. एकाने गावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरात खुशाल मोठ्याने गावे.

यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून शनिवारी रात्री सुरुवात करून भागत नाही. चित्र ४८० वरच ठेवावे. १ एमबीपीएसने तासाला सुमारे ४५० एमबी जातात, म्हणजे ऐकणाऱ्याचा दीड जीबीचा रोजचा पॅक जवळजवळ एक तृतीयांश संपतो. रेंज तपासताना डाउनलोड नाही, अपलोड पाहावा, तोही रविवारी उपासनेच्याच वेळी. गीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचे असेल तर शब्दांची अडचण नाही. ते १९१९ मध्ये वारले आणि हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. पण त्याच गीताची कोणी रेकॉर्ड केलेली चाल मागे वाजवली, तर यूट्यूब आवाज बंद करू शकते. आपली पेटी, आपली ढोलकी बरी.

सगळ्यात मोठे काम तुम्ही बटणाच्या फोनवाल्यांसाठी केले. साध्या कॉलच्या कॉन्फरन्समध्ये बहुतेक सिमवर पाचच जण जोडता येतात. तेव्हा पाच माणसांऐवजी पाच अंगणे जोडा, ही तुमची युक्ती. प्रत्येक ठिकाणी एक फोन स्पीकरवर आणि भोवती शेजारपाजारचे. पहिला कॉल होल्डवर, दुसरा लावून मर्ज, मग तिसरा. जोडणाऱ्याची बॅटरी संपली की सगळेच तुटतात, म्हणून तो फोन भरलेला हवा आणि कॉल वेटिंग बंद.

जिथे रेंजच नाही, तिथे मेमरी कार्ड. ४५ मिनिटांची उपासना ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सुमारे २२ एमबी होते. व्हॉट्सॲपची व्हॉइस क्लिप तशीच कार्डात टाकली तर पुष्कळ बटणाच्या फोनांत वाजत नाही, ती एमपी३ करूनच भरावी लागते.

दानाचा क्यूआर पडद्यावर दाखवू नका, हेही तुम्हीच सुचवले. ज्या मोबाइलवर उपासना पाहतो, त्यानेच तो स्कॅन कसा करणार? यूपीआय आयडी लिहून पाठवलेला बरा. प्रभुभोजनाचे काय करायचे ते ज्या त्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी ठरवावे, त्यात वायरीचा संबंध नाही.

भाऊ, वायरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. नाताळच्या साउंडचे बिल तरी पूर्ण लावा.

प्रभूमध्ये आपले,
मंडळीचे पंच