बागेतल्या संडासाची किल्ली

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आयबीडीच्या रुग्णांचं चालणं

महोदय,

मला नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. कळ आली की संडास गाठायला दोन मिनिटंसुद्धा हातात नसतात. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. आमचे नातेवाईक 'पित्त' म्हणतात आणि ओव्याचं पाणी सुचवतात, ते असो.

डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलंय : रोज 30 मिनिटं चालणे. फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, की स्टेरॉइड घ्यावं लागतं. ते लांबलं की हाडं ठिसूळ होतात, मांड्यांतली ताकद जाते. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. रक्त गेल्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. आजार शांत असतानाही थकवा हटत नाही. चालणं, हलकी वजनं उचलणं याने हाडं-स्नायू टिकायला मदत होते, मनही ताळ्यावर राहतं. चालून कोलायटिस बरा होत नाही, औषधं घ्यावीच लागतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, तो जुनाट आजार असलेल्यांनाही. ब्रिटनचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना 1992 साली हाच आजार निघाला; त्यानंतर त्यांनी 1996 ला अटलांटात आणि 2000 ला सिडनीत सुवर्णपदक घेतलं. मला बागेत चार फेऱ्या मारता आल्या तरी पुष्कळ आहे.

आमच्या बागेत नवा जॉगिंग ट्रॅक आहे, ओपन जिम आहे, 'निरोगी राहा'चा फलक आहे. संडासही आहे, गेटपाशी, टाइल्स लावलेला. त्याला कुलूप असतं. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या फेरीला चिंचेपाशी कळ आली. पोट आवळून, दात दाबून मी गेटपर्यंत आले. वॉचमनकाका चहाला गेले होते. किल्ली त्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली, काचेतून दिसत होती. केबिनलाही कुलूप. पुढचं लिहीत नाही. ओढणी कमरेला गुंडाळून रिक्षा केली, एवढंच. त्यानंतर चार महिने मी घरातच चालले. हॉल ते स्वयंपाकघर चौदा पावलं होतात.

कुलूप का, तर 'लोक घाण करतात'. मग झाडायला माणूस ठेवा ना! बायका, मधुमेहाचे आजोबा, गरोदर मुली सगळ्यांनाच हे कुलूप नडतं. आम्हाला जरा जास्त. मुंबईत 'राइट टू पी' म्हणत बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं, ते काही हौसेने नाही.

बागा तुमच्या खात्यात येत नाहीत, नगरविकासाकडे येतात, हे मला माहीत आहे. पण व्यायाम करा असं तुमचं खातं सांगतं. म्हणून पत्र तुम्हाला. बाग उघडी असेल तेवढा वेळ तिथला संडास उघडा राहील, असा आदेश दोन्ही खात्यांनी मिळून काढावा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 2005 साली कायदाच केला, की असा आजार असलेल्याला दुकानातला कर्मचाऱ्यांचा संडासही वापरू द्यावा. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आमचा आजार नाही. निदान सरकारी रुग्णालयाच्या शिक्क्याचं एक कार्ड द्या, म्हणजे पेट्रोल पंपावर, हॉटेलात आम्हाला पोट उघडं करून सांगावं लागणार नाही. पोटाच्या ओपीडीत आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. फ्लेअरमध्ये काय थांबवायचं, स्टोमाची पिशवी (ऑपरेशननंतर मल गोळा करायला पोटावर लावलेली) असताना वजन कसं उचलायचं, हे कुणी सांगतच नाही. आणि 21 जूनला मैदानात योगासनं घेताना शिक्षकांना सांगा, की पोटाचा आजार आहे का ते आधी विचारा. मला सुजल्या पोटाने 'जोर लावा, अजून जोर लावा' म्हणत कपालभाती करायला लावलं होतं.

एक कबुलीही देते. त्या प्रकारानंतर वॉचमनकाकांनी कुणाला न सांगता मला दुसरी किल्ली करून दिली. ती माझ्या ट्रॅकपँटच्या नाडीला बांधलेली असते आणि मी पुन्हा चालायला लागले आहे. हे नियमात बसत नाही, कल्पना आहे. काकांचं नाव मी सांगणार नाही. कुलूप निघालं, की किल्ली त्याच दिवशी तुमच्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
सकाळी सहाला बागेत येणारी एक रुग्ण