पंचगंगा घाटावरच्या गुरवकाकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर जलरंगात निसर्गचित्रे करायला येणाऱ्या आम्हा मंडळींना आपण देवळाची ओवरी मोकळी करून दिलीत. त्याबद्दल तोंडी आभार अनेकदा मानले आहेत. पण त्या मदतीचे मोल इतरांनाही कळावे, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

जलरंगाच्या कामात सावली ही चैन नव्हे. चैत्रातल्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदाच्या तळापर्यंत आणेतो वरचा रंग वाळून कडा धरतो आणि आकाशाचे तुकडे पडतात. शिवाय पांढऱ्या कागदावर थेट ऊन आले की डोळे दिपतात, रंग आहेत त्याहून उजळ भासतात आणि जागेवर तेजस्वी वाटलेले चित्र घरी नेल्यावर काळवंडलेले दिसते. पाण्याचेही तसेच आहे. ब्रश धुण्याचे आणि रंगात मिसळण्याचे पाणी आम्ही वेगळे ठेवतो, कारण गढूळ पाण्यात पिवळा रंग लगेच मरतो. पावसाळ्यात नदी मातीने तांबूस झालेली असताना आपण न मागता घागरीतले पाणी भरून देता.

परंतु सर्वांत मोठे ऋण आपल्या नजरेचे आहे. "पूर ओसरला की लगेच या, दगड वाळल्यावर काय बघणार?" असे आपणच सुचवलेत. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याखाली आल्यावर घाटावरची देवळे केव्हा उघडी पडतील, याचा आपला अंदाज सहसा चुकत नाही. त्या दिवसांत भिंतींवर पाण्याची रेषा स्पष्ट दिसते: वर कोरडा, राखाडी पाषाण आणि खाली ओला, निळसर काळा, ज्यात आकाशाचा उजेड पुसट उतरलेला असतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत साचलेला गाळ तेवढा पिवळट. छायाचित्रात हा सगळा भाग एकच काळा ठोकळा होऊन जातो. तो जागेवर बसूनच पाहावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

कोटितीर्थाच्या परिसरात राहून तो तलाव वेगवेगळ्या प्रहरी रंगवणारे आबालाल रहिमान 1931 साली निवर्तले. एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा जाण्याची शिकवण इथल्या चित्रकारांना त्यांच्या कामातून मिळते. ती आचरणात आणायची, तर त्या जागेवर आम्हाला हक्काने बसू देणारे आपल्यासारखे माणूस लागते.

त्या ओल्या पाषाणाचे मी काढलेले एक चित्र काचेच्या चौकटीत बसवून आपल्या घरी पाठवत आहे, त्याचा स्वीकार करावा. जलरंग उन्हाने उडतात आणि ओलीने कागदाला बुरशी धरते, तेव्हा ते खिडकीसमोरच्या किंवा पावसात पाझरणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या कोरड्या भिंतीवर लावावे, एवढी विनंती.

आपली कृतज्ञ,
घाटावरची एक चित्रकार