रेल्वे दिली, पण पैसे कुणाचे?

संपादक साहेब, नमस्कार.

इंग्रजांनी रेल्वे दिली, शिस्त लावली, ते नसते तर आपण मागासच राहिलो असतो, असं कट्ट्यावर कायम कुणीतरी बोलतंच, म्हणून लिहितोय. अहो, रेल्वे काय फुकट दिली का? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या विलायतेतल्या शेअरवाल्यांना ५ टक्क्यांची गॅरंटी होती आणि नफा कमी पडला की फरक इथल्या महसुलातून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून भरायचा, मग खर्च कितीही वाढू दे, कंपनीला काय फिकीर! त्यांच्या फ्री ट्रेडचं, म्हणजे खुल्या व्यापाराचं म्हणाल तर १८९६ साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज लावली, कारण इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची ओरड, आपल्या सोलापुरातल्या 'जुनी मिल'चं कापडही त्यातच आलं. दादाभाई नौरोजींनी तर हे सगळं तेव्हाच आकडे देऊन मांडलं होतं.

आणि ते 'सुधारणा करायला आलो' तर लय भारी. १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली, ही कसली सुधारणा? शाळा-कॉलेजं काढली हे मान्य, पण कचेरीत स्वस्तातले कारकून पण पाहिजेच होते की त्यांना.

आपला,
एक वाचक, सोलापूर