धुराडं भिंतीतून जाईल, बाबा

कुल्लू,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

लोखंडी शेगडीचे पैसे परतवाड्याच्या लोहाराला मी देऊन टाकले आहेत. दिवाळीत मिस्त्रीला घेऊनच येते, आबांच्या खोलीत बसवू. विचारलं असतं तर तुम्ही "कशाला हा खर्च" म्हणाला असता, म्हणून आधी ठरवलं आणि आता सांगते. रागावू नका.

फोनवर तुमचा खोकला ऐकला की मला इकडे झोप लागत नाही, बाबा. आणि आई, तू खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवून खिडक्या घट्ट लावून घेतेस. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही; झोपेतल्या माणसाला कळतही नाही. आबांच्या त्या थंडीचं मी काढत नाही. पण मनातून जात नाही.

इथे घरोघरी अशी शेगडी असते, तंदूर म्हणतात तिला. बंद पेटी, धूर नळातून बाहेर, ऊब खोलीत.

बाबा, तुमच्या कवेलूंना हात लागणार नाही. साध्या नळापासून लाकूड निदान १८ इंच लांब हवं, आणि आपले वासे तर दाटीने बसवलेले. म्हणून नळ मागच्या दगडी भिंतीतून काढायचा, तोही खिडकीवरच्या लाकडापासून दूर. बाहेर दुहेरी पत्र्याचा नळ लावू, नाहीतर धूर थंड पडून आत काजळी धरते आणि तीच पुढे पेट घेते. वळचणीपासून अंतर ठेवून तो वर जाईल; टोक १० फुटांच्या आतल्या छपरापेक्षा २ फूट उंच ठेवलं की वारा धूर परत ढकलत नाही. वर टोपी, म्हणजे पाऊस आत नाही.

आई, तुझी चूल जिथे आहे तिथेच राहील, भाकर तिच्यावरच. या शेगडीवर पाण्याचा गंज ठेवता येईल, पहाटे बाबांच्या गुडघ्यांना शेकायला गरम पाणी तयार. तू तुरीच्या शेंगा उकडायचीस आणि बाबा मला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचे, अजून त्या घोंगडीचा वास येतो मला. तशीच ऊब आता तुम्हाला मिळू दे.

आता ऐका. जळण आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीचंच घ्या, फोडून जमिनीपासून उंचावर रचा. यंदा तोडलेलं पुढच्या थंडीला वापरा, ओल्या लाकडाने काजळी धरते. पऱ्हाट्या फक्त पेटवण्यापुरत्या, पेटी भरून नाही. रॉकेल अजिबात ओतायचं नाही. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, अंगणात. गोठ्याकडे नेऊ नको, आई, तिच्यात दुसऱ्या दिवशीही विस्तव असतो. खिडकी दोन बोटं उघडी ठेवजो. त्या कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म मी आणते आहे, वाजला की आधी दोघांनी बाहेर यायचं. थंडीआधी नळ दादा साफ करेल. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही.

एवढं मात्र तुम्हीच करा: मागच्या भिंतीची जाडी मोजून रविवारी फोनवर सांगा, भिंतीतल्या नळाचं माप लोहाराला तुमच्याकडूनच द्यायचं आहे.

तुमची,
बाळी