शब्दकोड्याआधी कान तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उतारवयात डोकं तल्लख कसं ठेवावं यावर लेख आला. शब्दकोडं, सुडोकू, भिजवलेले बदाम, सगळं होतं. कानांचं नाव कुठं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी एसटीतला निवृत्त वाहक, वय ७३. निम्मी नोकरी कराड-चिपळूण गाडीवर, कुंभार्ली घाट चढण्या-उतरण्यात गेली. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट आणि त्याच्यावर आवाज काढून ‘पुढं सरका’. वेबिलाची, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाची, बेरीज तोंडी करायचो. दीडकी, अडीचकी अजून पाठ आहे. तरी दोन वर्षांपूर्वी घरात कुजबुज सुरू झाली, ‘बाबांना हल्ली विसरायला होतं.’ (ती कुजबुजही मला ऐकू आली नव्हती, नंतर कळलं.)

घडलंही तसंच होतं. सूनबाईंनी नातवाला शिकवणीहून सातला आणायला सांगितलं, मी आठला गेलो. पोरगं बंद दाराच्या पायरीवर मांडीवर दप्तर घेऊन बसलेलं. ‘सात’मधला ‘स’ माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. उरलेल्या ‘आत’चं मी ‘आठ’ केलं. त्यानंतर मुलगा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मी थांबलोच नाही, त्यांनीच हात वर केला. मग तीन शब्द दिले आणि पाच मिनिटांनी विचारले. मी म्हणालो, ‘चावी, पंखा, खांदा.’ त्यांनी ‘कांदा’ म्हटलं होतं. डॉक्टर हसले. ‘आजोबा, तुम्ही विसरला नाहीत, मुळात चुकीचं ऐकलंत.’ कानांच्या तपासणीचा आलेख निघाला तो उंच पट्टीच्या आवाजांच्या बाजूला खंबाटकी घाटाच्या उतारासारखा खाली गेलेला.

निसटलेले शब्द डोकं अंदाजानं जुळवत बसतं, मग लक्षात ठेवायला ताकद कमी पडते, असं त्यांनी सांगितलं. दुसरं म्हणजे माणूस एकटा पडतो, ते मी स्वतः अनुभवलं होतं. प्रत्येकाला ‘काय?’ विचारायची लाज वाटून मी भजनी मंडळाला जाणं सोडलं होतं.

नात नर्सिंगला आहे, तिनं वाचून दाखवलं : ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ गोष्टी सांगितल्या. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांच्या पंगतीला कमी ऐकू येणंही आहे. पण श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या जवळपास हजार लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले, त्यात सगळे मिळून पाहिले तर ठळक फरक दिसला नाही; मात्र ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्या स्मरणशक्तीची आणि विचारशक्तीची घसरण यंत्रामुळं जवळपास निम्म्यानं मंदावली. मला एवढं पुरेसं वाटलं.

यंत्र लावलं त्या सकाळी स्वयंपाकघरात मोहरी तडतडली आणि मी दचकलो. कितीतरी वर्षं ती मला नुसती उडताना दिसत होती! पहिला महिना मात्र वैतागाचा गेला. भांडी आदळली की डोक्यात घण बसायचा, दोनदा यंत्र काढून कपाटात टाकलं. सूनबाईंनी परत कानात बसवायला लावलं.

दोन्ही कानांचे ३८ हजार रुपये गेले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच ३ हजार मिळतात; त्यात चष्मा, काठी, श्रवणयंत्र, काय घ्यायचं ते घ्या. शासनानं श्रवणयंत्राची रक्कम वेगळी धरावी. आणि विसराळूपणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाचे कान सरकारी दवाखान्यांनी आधी तपासावेत. कधीकधी नुसता मळ असतो.

आमच्या कट्ट्यावर बारा जण बसतो. चष्मा अकरा जणांना, यंत्र मला एकट्याला. परवा शेजारी बसलेल्या मित्राला म्हटलं, ‘एकदा कान दाखवून ये.’ तो म्हणाला, ‘पान? मी कधीच सोडलं.’

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, कराड